कोंबड्यांच्या खुराड्यातला स्टुडिओ

डिसेंबर १८६३. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या फ्रेशवॉटर गावात अठ्ठेचाळीस वर्षांच्या एक बाई आपल्या मोठ्या घरात बऱ्यापैकी एकट्या पडल्या होत्या. सत्तरीकडे झुकलेला नवरा सिलोनमधले, म्हणजे आजच्या श्रीलंकेतले, कॉफीचे मळे पाहायला गेलेला. एकुलती एक मुलगी लग्न होऊन सासरी. मोठी मुले आपापल्या वाटेला लागलेली. बाईंचा स्वभाव तर असा की घरात दहा माणसे नसतील तर त्यांना करमत नसे. त्या नाताळात मुलीने आणि जावयाने त्यांना एक भेट दिली. आई एकटी आहे, तिचा वेळ जावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. ती भेट म्हणजे लाकडी पेटीचा, जड असा कॅमेरा.

या बाई म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमरून. छायाचित्रणाच्या इतिहासात व्यक्तिचित्रांचा विषय निघाला की त्यांचे नाव आजही पहिल्या काही नावांत येते.

त्यांचा जन्म आपल्याकडचा. ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यात, ईस्ट इंडिया कंपनीतल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी. आई फ्रेंच वंशाची, त्यामुळे बालपण आणि शिक्षण बरेचसे फ्रान्समध्ये आजीकडे झाले. विशीत आजारपणानंतर हवापालटासाठी त्या दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपला गेल्या. तिथे त्यांना दोन माणसे भेटली आणि दोघांनीही त्यांच्या आयुष्याला वळण दिले. एक चार्ल्स हे कॅमरून, वयाने वीस वर्षांनी मोठे. मेकॉले यांच्या ज्या विधी आयोगाने भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा केला, त्याचे ते सदस्य होते. १८३८ मध्ये कलकत्त्यात दोघांचे लग्न झाले. दुसरे खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. छायाचित्र पक्के करण्यासाठी ‘हायपो’ वापरता येतो हे दाखवून देणारे आणि ‘निगेटिव्ह’, ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द रूढ करणारे ते हेच. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला तेव्हा हर्शेल यांनी कलकत्त्याला पत्रातून त्याची खबर कळवली, पुढे काही नमुनेही पाठवले. म्हणजे कॅमेरा हाती येण्याआधी वीस-पंचवीस वर्षे या कलेचे कुतूहल बाईंच्या मनात होते. शेजारी येणाऱ्या छायाचित्रकारांचे काम त्यांनी जवळून पाहिले होते, आल्बम जमवले होते. आपल्याला काहीच येत नव्हते असे त्यांनी पुढे लिहिले, ते थोडे चवीने घ्यावे लागते.

तरी हाताने काम करणे वेगळे. आज खिशातून फोन काढला की झाले. त्या काळी ‘ओल्या काचे’ची पद्धत होती. आधी काच स्वच्छ पुसायची. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले कोलोडियन नावाचे चिकट द्रावण तिच्यावर सारखे पसरायचे. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. समोरच्या माणसाने कित्येकदा काही मिनिटे हलायचे नाही. नंतर पुन्हा अंधाऱ्या खोलीत पळायचे, काच वाळण्याच्या आत चित्र उमटवायचे, पक्के करायचे, भरपूर पाण्याने धुवायचे. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत. सिल्व्हर नायट्रेटने बोटे आणि कपडे काळे पडत. चित्र पक्के करायला त्या काळी पोटॅशियम सायनाइडही सर्रास वापरत, म्हणजे छंद तसा जिवावरचाच.

बाईंनी कोळशाची कोठी रिकामी करून तिची डार्करूम केली. परसातल्या काचेच्या खुराड्यातून कोंबड्या बाहेर काढल्या आणि तिथे स्टुडिओ थाटला. गावातल्या एका शेतकऱ्याला तासाला अर्धा क्राउन देऊन समोर बसवले. बरेच तास आणि बरेच पैसे खर्ची पडल्यावर एक चित्र जमले. ते वाळवायला हातात धरले आणि आनंदाच्या भरात त्यावरूनच हात फिरला. चित्र पुसले गेले. पण २९ जानेवारी १८६४ रोजी अ‍ॅनी फिल्पॉट या लहान मुलीचे चित्र नीट उतरले. बाई इतक्या हरखल्या की त्या मुलीला काय बक्षीस द्यावे म्हणून घरभर शोधत फिरल्या. चित्राचा कागदी ठसा काढून, चौकट करून त्याच दिवशी तो मुलीच्या वडिलांना दिला. आपले पहिले यश म्हणून त्यांनी याच चित्राची नोंद केली आहे.

मानसशास्त्र ज्याला ‘फ्लो’ म्हणते, ती तल्लीनता इथे दिसते. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने तिचा पुष्कळ अभ्यास केला. काम आपल्या कुवतीच्या थोडे पुढचे असावे, चुकले की बरोबर हे लगेच कळावे आणि मन दुसरीकडे भटकायला जागाच राहू नये, या तिच्या खुणा. ओल्या काचेचे छायाचित्रण यात तंतोतंत बसते. काच वाळते आहे म्हटल्यावर काळजी करायला सवड कुणाला? बाईंना नैराश्य होते असे निदान दीडशे वर्षांनी करण्यात अर्थ नाही, मी ते करणारही नाही. एकटेपणा होता, हे मात्र त्यांच्या स्वतःच्या लिखाणातूनच कळते.

आणि माझ्या मते त्यांच्या बाबतीत तल्लीनतेपेक्षाही मोठी गोष्ट दुसरी होती. त्यांना डोंगर किंवा समुद्र टिपायचा नव्हता, माणसांचे चेहरे हवे होते. त्यासाठी माणसे घरी आणावी लागत. शेजारी कवी टेनिसन राहत. त्यांच्याकडे येणारा पाहुणा बाईंच्या तावडीतून क्वचितच सुटे. १८६८ च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विन सहकुटुंब फ्रेशवॉटरला राहायला आले, त्यांचे चित्र झाले आणि आपल्या सगळ्या चित्रांत डार्विन यांना ते अधिक आवडले. म्हाताऱ्या हर्शेल यांना तर बाईंनी केस धुवायला लावले आणि ते पिंजारून त्यांचे चित्र घेतले. मळ्यावर गेलेला नवरा परतला तोवर घर पुन्हा भरले होते.

२०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात सोळा देशांतल्या पासष्ट वर्षांवरील ९३,२६३ लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. छंदामुळे मन बरे राहते की मन बरे असलेली माणसेच छंद जोपासतात, हे अशा अभ्यासातून पुरते ठरत नाही. दोन्ही थोडे थोडे असावे. ज्याला झोप नाही, भूक नाही, जगणे नकोसे वाटते, त्याला डॉक्टरकडेच न्यायला हवे. त्याच्या हातात कॅमेरा देऊन भागणार नाही.

पुन्हा बाईंकडे. छायाचित्रकार मंडळींनी त्यांची टर उडवली. चित्रे धूसर, काचेवर बोटांचे ठसे, धूळ, ओरखडे. हे आरोप खोटे नव्हते. पण भिंग फिरवताना चेहरा जिथे सुंदर दिसे तिथे बाई थांबत. नाकाचे टोक आणि कानाची पाळी एकाच वेळी रेखीव दिसावी असा त्यांचा हट्ट नव्हता. पुढे १८६६ पासून पंधरा बाय बारा इंचांच्या काचा घेऊन त्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ गेल्या की चौकटीत दुसरे काही उरेना. लिंडा हेंकेल या संशोधिकेचा २०१४ मधला प्रयोग इथे आठवतो. संग्रहालयातल्या वस्तूंचे नुसते फोटो काढत गेलेल्यांना त्या वस्तू कमी आठवल्या. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम केले, त्यांच्या स्मरणात अशी घट दिसली नाही. शंभर फोटो काढून एकही न पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) १८६५ मध्ये त्यांची चित्रे विकत घेतली, मांडली आणि १८६८ मध्ये स्टुडिओसाठी दोन खोल्याही दिल्या. आपल्या मुंबईत तेव्हा छायाचित्रण नवे नव्हते. १८५४ मध्येच इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. मुंबईशी बाईंचा आणखी एक धागा जुळतो. मेरी रायन ही भीक मागणारी आयरिश मुलगी त्यांनी घरी आणली, शिकवली, चित्रांसाठी बसवली. प्रदर्शनात तिला पाहून हेन्री कॉटन नावाचा तरुण प्रेमात पडला आणि १८६७ मध्ये त्यांचे लग्न झाले. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष सर हेन्री कॉटन ते हेच.

या छंदाची दुसरी बाजूही सांगायला हवी. बाईंचा एकटेपणा गेला, पण तासन्‌तास पुतळ्यासारखे बसायचे काम मोलकरणींना आणि पाहुण्यांच्या मुलांना पडले. विहिरीचे पाणी उपसून काचा धुवायला माणसे लागत. मेरी हिलियर ही मोलकरीण किती वेळा मरियम झाली याची मोजदाद नाही. शिवाय खर्च. सिलोनचे उत्पन्न घसरत होते आणि १८६९ पासून तिथल्या कॉफीवर तांबेरा पडला. छायाचित्रांतून पैसे मिळावेत म्हणून बाईंनी पाचशेहून अधिक चित्रांचे हक्क नोंदवले, प्रदर्शने भरवली. संसाराला पुरेल इतके काही हाती लागले नाही. वेळ घालवायला आलेली वस्तू आता हिशेबाच्या वहीत जाऊन बसली होती.

ऑक्टोबर १८७३ मध्ये मुलगी ज्युलिया बाळंतपणात गेली. कॅमेरा देणारी तीच. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या छायाचित्रणाची आठवण लिहायला घेतली, ती अपुरी राहिली. त्याच सुमारास टेनिसन यांच्या राजा आर्थरवरच्या काव्यासाठी त्यांनी चित्रमालिका केली. एकेका चित्रासाठी कितीतरी काचा वाया घालवत त्या काम करत राहिल्या. त्या कामाने दुःख हलके झाले का, हे कोण सांगणार? दिवस मात्र भरलेले राहिले.

१८७५ मध्ये पतिपत्नी सिलोनला मुलांजवळ राहायला निघाली. सामानात एक गाय होती आणि दोघांसाठी दोन शवपेट्याही. तिकडे रसायने आणि चांगले पाणी मिळवणे कठीण, हवा दमट, आणि फ्रेशवॉटरसारखा पाहुण्यांचा राबता नाही. बारा वर्षांत बाराशेच्या आसपास चित्रे करणाऱ्या बाईंची सिलोनमधली तीसही चित्रे आज उरलेली नाहीत. त्यांत बहुतेक मळ्यांवरचे मजूर आणि आसपासचे लोक आहेत. १८७७ मध्ये वनस्पतींची चित्रे काढणाऱ्या मेरियन नॉर्थ तिथे आल्या, तेव्हा बाईंनी त्यांना शाली पांघरायला लावून, केस मोकळे सोडायला लावून, उन्हात उभे केले. जुनी सवय गेली नव्हती.

२६ जानेवारी १८७९ रोजी डिकोयाच्या खोऱ्यात, मुलाच्या मळ्यावर थोड्या दिवसांच्या आजारपणानंतर त्या वारल्या. अ‍ॅनीच्या चित्राला पंधरा वर्षे व्हायला तीन दिवस बाकी होते. बोगवंतलावा इथल्या छोट्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. पुढच्या वर्षी चार्ल्सही तिथेच त्यांच्या शेजारी विसावले.