विश्लेषण : पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला मिळालेली अमेरिकी मदत वादात का सापडली?

परदेशी मदतीसोबत देणाऱ्याचा धर्म आणि विचारही येतो का? महाराष्ट्रात हा वाद १३० वर्षांपूर्वी रंगला होता. केंद्रस्थानी होत्या पंडिता रमाबाई.

रमाबाई कोण होत्या?
जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. आईकडून ते रमाबाईंना मिळाले. दुष्काळात आईवडील गेले. १८७८मध्ये कोलकात्यातील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ पदवी दिली. १८८२मध्ये पतीचे निधन झाले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

मदत कशी मिळाली?
१८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तिथल्या चर्चच्या वरिष्ठांशीही त्या वाद घालत राहिल्या. पुढे अमेरिकेत व्याख्याने दिली. १८८७मध्ये बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. विधवांच्या शाळेचा दहा वर्षांचा खर्च तिने उचलायचा, पण शाळेत धर्मप्रसार करायचा नाही, असे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले.

वाद कशावरून पेटला?
सदनात मुलींना आपापले धार्मिक आचार पाळता येत. मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सुमारे २५ मुलींना पालकांनी काढून नेले.

कोणाचे बरोबर होते?
सक्ती नसली तरी छत, जेवण आणि शिक्षण देणारा हात एकच असेल, तर लहान मुलीची निवड कितपत मोकळी राहते? टीकाकारांच्या या शंकेत तथ्य होते. पण दुसरी बाजूही होती. घरी विधवेच्या वाट्याला केशवपन आणि उपासतापास होते. तिच्या शिक्षणासाठी इथला पैसा पुढे आला नव्हता, म्हणूनच तो बोस्टनहून आणावा लागला.

पुढे काय झाले?
१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. १८९६मध्येच धोंडो केशव कर्वे यांनी इथल्याच लोकांच्या वर्गणीतून पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी. आश्रमासाठी त्यांनीही वर्गणी गोळा केली.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. परदेशी पैशाला पर्याय उभा राहिला तो टीकेतून नव्हे, वर्गणीतून. आणि त्यासाठी झटणाऱ्यांत त्याच पैशावर शिकलेली एक विधवा होती.