पोरक्यांचे डॉक्टर यानुश कोर्चाक

कविवर्य रवींद्रनाथ टागोर ह्यांचें ‘डाकघर’ हें नाटक आपणांपैकीं कित्येकांनीं वाचलें असेल. ता. १८ जुलै १९४२ रोजीं पोलंड देशांतील वॉर्सा शहरीं, भिंतींनीं कोंडलेल्या यहूदी वस्तींत, पोरक्या मुलांनीं तें करून दाखविलें. त्या मुलांच्या पालनकर्त्याचें हें चरित्र.

डॉ. यानुश कोर्चाक ह्यांचें मूळचें नांव हेन्रिक गोल्डश्मिट. वॉर्सा येथें एका सुखवस्तु यहूदी वकिलाच्या घरीं ते जन्मले. वडिलांस वेड लागून ते १८९६ सालीं वारले. तेव्हां हेन्रिक शिकवण्या करून घरास हातभार लावूं लागले. पुढें ते वैद्यक शिकले, मुलांच्या रुग्णालयांत राहिले, पुस्तकें लिहूं लागले, व लेखनाचें टोपणनांवच लोकांच्या तोंडीं बसलें.

१९१२ सालीं क्रोखमाल्ना रस्त्यावर यहूदी अनाथगृह उघडलें, त्याचा भार त्यांनीं स्टेफा विल्चिन्स्का ह्या बाईंच्या साह्यानें उचलला. स्वतः ते अविवाहितच राहिले. तेथें मुलांचें न्यायालय असे. मुलेंच न्यायाधीश, मोठ्यांवरहि फिर्याद लावतां येई, व खुद्द डॉक्टरहि आरोपी म्हणून उभे राहिले. कायद्याचीं पहिलीं ९९ कलमें तर क्षमेचींच होतीं! छडीवर भिस्त ठेवणाऱ्या आम्हां मास्तरलोकांस ह्याचें नवल वाटेल. मला तरी वाटलें.

१९३९ सालीं जर्मनांनीं वॉर्सा घेतलें, व नोव्हेंबर १९४० मध्यें यहूद्यांची वस्ती भिंतीआड बंद केली. अनाथगृहासहि तेथें जावें लागलें. यहूद्यांच्या दंडावरील सक्तीची पट्टी डॉक्टरांनीं बांधली नाहीं, त्यापायीं तुरुंगवासहि भोगला. उपासमारीनें व तापाच्या सांथीनें रस्त्यांत प्रेतें पडूं लागलीं. साठी ओलांडलेले, आजारी डॉक्टर सुमारें २०० लेंकरांच्या अन्नासाठीं दारोदार फिरत.

अशा वेळीं नाटक कशाला, असें कोणी विचारील. ‘डाकघरां’तील अमल हा बालक आजारी आहे, वैद्यानें त्यास बाहेर जाण्याची मनाई केली आहे. खिडकीशीं बसून तो दहीवाल्याशीं, पहारेकऱ्याशीं बोलतो व राजाच्या पत्राची वाट पाहतो. शेवटीं राजवैद्य येऊन दारें-खिडक्या उघडावयास लावितो, आणि बालक झोंपीं जातो. भिंतीआडच्या मुलांना ही गोष्ट परकी वाटली नसेल. मुलांनीं मरण शांतपणें पत्करावयास शिकावें, असा डॉक्टरांचा हेतु होता असें सांगतात. मरणाऱ्या लेंकराच्या उशाशीं जो बसला आहे, त्याला ह्या निवडीचें मोल कळेल.

चारच दिवसांनीं, ता. २२ जुलै रोजीं, यहूद्यांस आगगाड्यांत भरून त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेण्यास आरंभ झाला. पोलिश मित्र डॉक्टरांस बाहेर काढावयास तयार होते. त्यांनीं एकदां नव्हे, अनेकदां नकार दिला. ऑगस्टच्या आरंभीं शिपाई दारीं आले. मुलें रांगेनें निघालीं. डॉक्टर, स्टेफाबाई व इतर शिक्षक त्यांच्याबरोबर चालले. त्रेब्लिंका येथें ते सर्व मारले गेले.

डॉक्टरांची रोजनिशी मात्र वांचली. शेवटच्या टिपणांत ते सकाळीं कुंड्यांना पाणी घालीत आहेत. खिडकींतून एक बंदूकधारी जर्मन शिपाई दिसतो, आणि डॉक्टर मनाशीं विचार करतात कीं, हा माणूस आपल्या घरीं असतांना कदाचित् एखाद्या खेड्यांत शाळामास्तर असेल.