ठिपक्यांवरून तारे मोजणारी

मैत्रिणींनो, बायकांच्या बारीक, निगुतीच्या कामाचं मोल पटकन कुणी करत नाही. हेन्रिएटा लेविट म्हणूनच मला जवळची वाटते.

१८६८ साली अमेरिकेत जन्मलेल्या हेन्रिएटाला पुढे ऐकू कमी येऊ लागलं. नजर मात्र तीक्ष्ण. हार्वर्डच्या वेधशाळेत ती तासाला ३० सेंटवर फोटोच्या काचा तपासायची. काचेवर तारा म्हणजे काळा ठिपका. तारा जितका तेजस्वी, तितका ठिपका मोठा. माहीत असलेल्या तेजाच्या ठिपक्यांची इवलीशी काच शेजारी धरून ती ताडून बघे. अंधुक ताऱ्यांना पक्कं माप हवं, म्हणून १३ दुर्बिणींच्या २९९ काचा पाहून तिनं ध्रुवाजवळच्या ९६ ताऱ्यांचं तेज ठरवलं.

काही ताऱ्यांचं तेज ठरावीक दिवसांनी कमीजास्त होतं. हा फेरा जितका लांब, तितका तारा मुळात तेजस्वी, हे तिनं १९१२ मध्ये दाखवलं. मूळ तेज कळलं, की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं! अहवालाखाली सही मात्र संचालक पिकरिंग यांची.

१९२१ मध्ये ती कॅन्सरनं गेली. आपल्या लेकींना तिचं नाव तरी सांगू या.