जीर्णोद्धाराची माउली : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की खेड्यापाड्यांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी पहिले नाव येते ते होळकरांच्या अहिल्याबाईंचे. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर, जगन्नाथपुरी, पंढरपूर, जेजुरी, वेरूळ अशा कितीतरी क्षेत्रांत त्यांच्या हातचे काही ना काही काम आहे. कोठे देऊळ, कोठे घाट, कोठे धर्मशाळा, तर कोठे नुसती विहीर. त्यांचे नाव घेऊन हात जोडणारे पुष्कळ आहेत. पण एवढा पैसा आला कोठून, तो कोणत्या खात्यावर पडला आणि देऊळ उभे राहिल्यावर तेथील दिवाबत्तीचे पुढे काय झाले, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. खरे म्हणजे अहिल्याबाईंचे मोठेपण या हिशेबातच आहे.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. पूर्वीचा अहमदनगर जिल्हा २०२४ पासून त्यांच्याच नावाने अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. त्या काळी मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती, तरी माणकोजींनी मुलीला लिहावाचावयास शिकविले. सुभेदार मल्हारराव होळकर यांचा मुक्काम चौंडीस पडला असता देवळात दर्शनाला आलेली ही मुलगी त्यांच्या नजरेत भरली, असे परंपरा सांगते. १७३३ साली मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पाटलाच्या घरची लेक सुभेदारांच्या घरी सून म्हणून गेली.

मल्हारराव हे माणूस पारखणारे गृहस्थ होते. नीरेकाठच्या होळ गावच्या धनगर घराण्यात जन्मलेल्या या पुरुषाने तलवारीच्या जोरावर माळव्यात दौलत उभी केली. मुलाचे लक्ष कारभारात नाही, सुनेचे आहे, हे त्यांनी लवकरच ओळखले. मग वसूल किती आला, फौजेला रसद कोठून पोहोचवायची, तोफगोळ्यांची तजवीज कशी लावायची, ही कामे ते सुनेकडे सोपवू लागले. अहिल्याबाई पुढे अठ्ठावीस वर्षे कारभार करू शकल्या, त्याचे शिक्षण सासऱ्याच्या दप्तरात झाले होते.

संसारसुख मात्र त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. १७४५ साली मालेराव आणि १७४८ साली मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली. १७५४ साली सुरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला असता खंडेराव तोफेचा गोळा लागून ठार झाले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा अठ्ठावीस. त्या सती जावयास निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्याने पदर पसरून त्यांना परत फिरविले. आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर या दौलतीला आणि मला कोण, असा त्यांच्या विनवणीचा भाव होता. अहिल्याबाई मागे राहिल्या आणि त्या दिवसापासून त्यांच्या अंगावर पांढरे वस्त्र आले ते अखेरपर्यंत.

मल्हारराव १७६६ साली आलमपूर येथे वारले. नातू मालेराव गादीवर बसले, पण वर्ष पुरे होण्यापूर्वीच १७६७ मध्ये बुद्धिभ्रंशाच्या आजाराने तेही गेले. आईनेच मुलाला देहदंड दिला अशी कथा अनेक ठिकाणी रंगवून सांगतात. माळव्याचा इंग्रज अंमलदार जॉन माल्कम याने १८१८ नंतर, अहिल्याबाईंना पाहिलेली माणसे हयात असताना, या अफवेची मुद्दाम चौकशी केली आणि ती खोटी ठरविली. तेव्हा न्यायाची थोरवी सांगण्यासाठी या माउलीच्या माथी पुत्रहत्या मारण्याचे कारण नाही. त्यांच्या न्यायाचे खरे दाखले भरपूर आहेत.

पती, सासरा आणि मुलगा तिघेही गेलेले पाहून दौलतीचे कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या मनात पाप आले. एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, बाईने देवधर्म करीत बसावे आणि कारभार आपण हाकावा, असा त्यांचा बेत. त्यांनी राघोबादादांना फौजेसह बोलावून घेतले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड अशा सरदारांना पत्रे पाठविली, पुण्यास थोरल्या माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली आणि स्वतः लढाईची तयारी केली. दादासाहेबांना निरोप गेला तो असा की, एका बाईला जिंकून आपली कीर्ती वाढणार नाही, मात्र हार झाली तर तोंड दाखविण्यास जागा राहणार नाही. शिप्रेच्या काठी आलेले राघोबा समाचारास आल्याचे सांगून मोकळे झाले. माधवरावांनी निवाडा अहिल्याबाईंच्या बाजूने दिला. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकर यांच्याकडे दिले, मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला आणि नर्मदेच्या काठी महेश्वर येथे बिऱ्हाड नेले.

आता खासगीची गोष्ट. होळकरांच्या दौलतीत दोन थैल्या होत्या. एक सरकारी, म्हणजे मुलखाचा वसूल. त्यातून फौज, किल्ले आणि पेशव्यांचा भरणा चाले. दुसरी खासगी. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने १७३४ साली पेशव्यांकडून स्वतंत्र जहागीर मिळाली होती. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख रुपयांचे होते. त्यावर घरच्या बाईचा हक्क, सुभेदाराचाही नाही. १७६१ साली गौतमाबाई गेल्या आणि ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. देशभर जो धर्मादाय झाला तो या थैलीतून झाला. रयतेच्या पट्टीत देवळासाठी एक पैसा वाढविला नाही आणि फौजेचा पैसा देवाकडे वळविला नाही. राघोबादादांनी या खजिन्यावर डोळा ठेवला तेव्हा अहिल्याबाईंनी त्यावर तुळशीपत्र ठेवून तो धर्मार्थ सोडून दिला, अशीही गोष्ट प्रसिद्ध आहे.

कामांची यादी द्यावयाची तर या पुस्तिकेची पाने पुरणार नाहीत. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले होते. त्या जागेच्या शेजारी अहिल्याबाईंनी १७८० साली नवे देऊळ बांधले. आज लाखो यात्रेकरू दर्शन घेतात ते त्याच देवळात. कळसावरील सोने मात्र पुढे पंजाबच्या रणजितसिंहांनी दिले. सोमनाथास १७८३ साली जुन्या भग्न देवळाजवळ त्यांनी दुसरे लहान देऊळ उभारले आणि पिंडीची स्थापना तळघरात केली, म्हणजे पुन्हा घाला आला तरी देव सुरक्षित राहावा. १९५१ मध्ये सोमनाथाचे भव्य मंदिर झाले, तरी अहिल्याबाईंच्या देवळातील पूजाही चालू आहे. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मधील. आपल्या वेरूळचे घृष्णेश्वराचे आजचे देऊळही त्यांचेच.

पण नुसते दगड रचून त्या थांबल्या नाहीत. देऊळ झाले की पूजा, नैवेद्य, नंदादीप आणि पुजाऱ्याचे पोट यांची सोय लावायची, त्यासाठी उत्पन्न तोडून द्यायचे, आणि मग दुसरे काम हाती घ्यायचे, अशी पद्धत होती. दूरदूरच्या देवस्थानांस गंगाजलाच्या कावडी पाठविल्या जात. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणपोया बसत. भर दुपारी नांगर ओढणाऱ्या बैलांना थांबवून पाणी पाजणारी माणसे महेश्वरच्या आसपास नेमलेली होती. शेतकरी पाखरांना हाकलतात म्हणून काही उभी शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी सोडली होती. हे सर्व माल्कमने परक्या माणसाच्या नजरेने टिपून ठेवले आहे, म्हणून त्याला भाटगिरी म्हणता येत नाही.

भाटगिरीचा तर त्यांना तिटकाराच होता. एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. अहिल्याबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत सोडावयास लावला. विद्वानाकडे पुन्हा लक्षही दिले नाही.

न्यायाचेही तसेच. निपुत्रिक सावकार मेला की त्याच्या मालमत्तेवर सरकारने हात मारावा, ही त्या काळची सर्रास चाल. इंदूरच्या अशाच एका सावकाराच्या धनावर तुकोजींच्या लोकांचा डोळा गेला. विधवा महेश्वरी आली. अहिल्याबाईंनी तिचा हक्क कायम करून मानाची वस्त्रे दिली आणि तुकोजींना शहरापासून दूर जाण्याचा हुकूम पाठविला. खरगोणच्या दोन विधवांनी आपण होऊन सारे धन पायाशी ठेवले, तेव्हा ते न घेता, तुमच्याच गावी लोकांच्या उपयोगाचे काही बांधा, असे त्यांना सांगून परत पाठविले. सरकारी कारभारात फुकट आलेला पैसा नाकारणारा धनी विरळाच.

डोंगरातील भिल्ल वाटसरूंना लुटत. त्यांच्यावर नुसता शिक्षेचा बडगा न उगारता अहिल्याबाईंनी घाटातून जाणाऱ्या मालावर त्यांची जुनी कवडी घेण्याचा हक्क मान्य केला आणि बदल्यात त्या हद्दीतील वाटसरूंच्या रक्षणाची जोखीम त्यांच्यावर टाकली. महेश्वरास बाहेरून विणकर आणून वसविले. महेश्वरी लुगडी आजही त्यांच्या नावाने विकली जातात.

त्यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो, तोही लपवू नये. उत्तरेत महादजी शिंदे फ्रेंच अंमलदार ठेवून कवायती पलटणी उभ्या करीत असताना होळकरांची फौज मागे पडली. तुकोजी सतत पैसे मागत आणि अहिल्याबाई आधी मागचा हिशेब मागत. या दोघांची कुरबूर शेवटपर्यंत मिटली नाही. १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेने होळकरांचा मोड केला. देवळांऐवजी तोफांवर खर्च केला असता तर, असा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. पण देवळांचा पैसा खासगीचा होता आणि फौजेचा पैसा फौजेचा. शिवाय तीस वर्षे त्यांच्या मुलखावर कोणी मोठा शत्रू चालून आला नाही. सगळे राजे त्यांचे नाव आदराने घेत, आणि याच्या दुप्पट रक्कम फौजेवर ओतूनही एवढे स्वास्थ्य मिळते ना, असे मत माल्कमसारख्या लष्करी माणसाने नोंदवून ठेवले आहे. ते रास्त वाटते.

म्हातारपणी दैवाने शेवटचा घाव घातला. मुक्ताबाईंचा एकुलता एक मुलगा वारला आणि पाठोपाठ १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. सासऱ्याच्या शब्दाखातर जी स्वतः चितेवरून परतली होती, त्या आईने मुलीच्या पाया पडून विनविले. मुलगी ऐकेना. तुमचे वय झाले, थोड्या वर्षांनी तुम्ही जाल, मग माझे कोण, या तिच्या सवालाला आईजवळ उत्तर नव्हते. अहिल्याबाई अंत्ययात्रेबरोबर पायी चालत गेल्या. ज्वाळा उठल्या तेव्हा दोघांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. सर्व आटोपल्यावर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस अन्न नाही आणि तोंडातून शब्द नाही. चौथ्या दिवशी लेक-जावयाची छत्री कशी बांधावी, याची आज्ञा झाली.

यानंतरही कारभार थांबला नाही. पहाटे उठून स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे जेवण, दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार आणि रात्री पुन्हा कागदपत्र, असा क्रम चालू होता. १३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वरी त्यांचे देहावसान झाले. वाड्यातील त्यांची बैठक आजही दाखवितात. नुसती एक पांढरी गादी आहे.

खासगीची थैली मात्र त्यांच्या मागे राहिली. संस्थान विलीन झाल्यावर १९४९ साली खासगीचे उत्पन्न सरकारकडे गेले आणि त्याबदली देवस्थानांसाठी दरसाल २ लाख ९१ हजार ९५२ रुपये कायमचे बाजूस ठेवण्याचे ठरले. गौतमाबाईंच्या जहागिरीचा आकडा जवळपास तेवढाच होता, पण त्या तीन लाखांची किंमत आणि या तीन लाखांची किंमत यात जमीन-अस्मानाचे अंतर. १९६२ साली या कामासाठी ट्रस्ट झाला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटाची मिळकत विकल्यावरून वाद न्यायालयात गेला. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या ट्रस्टला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू आहे. त्यामुळे महेश्वरी कधी काळी तुकोजींना द्यावा लागे तसा हिशेब आता अहिल्याबाईंच्या देवस्थानांच्या विश्वस्तांनाही निबंधकापुढे द्यावा लागतो.