संत जोसेफ वाझ आणि आपला रंग



गेल्या नाताळच्या नाटिकेत मरियामातेच्या भूमिकेसाठी मुलगी निवडताना सर्वांचे लक्ष उजळ चेहऱ्यांकडे गेले, आणि आम्हीही गप्प राहिलो. स्थळ पाहतानाही मुलगी गोरी आहे का, हे आपण आधी विचारतो. महागावच्या उन्हात कपाशी वेचणाऱ्यांनी एकमेकांचा रंग तोलावा, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. म्हणून या रविवारी संत जोसेफ वाझ यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. युरोपीय संन्यस्त संघ भारतीयांना सहसा आपल्यात घेत नसत. साष्टी आणि बारदेशातील चर्चेस बहुतांशी याच संघांच्या हाती होती. भारतीय धर्मगुरू कितीही विद्वान असला तरी त्याच्या वाट्याला मदतनिसाचे काम येई, आणि काळा म्हणून त्याला हिणवले जाई. त्यापूर्वी दिवाडी बेटावरील मातेउस द कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षाच नाकारली गेली. ते रोमला जाऊन धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशपही झाले.

फादर वाझ १६८५ साली जुन्या गोव्यातील भारतीय धर्मगुरूंच्या एका लहानशा गटात सामील झाले. संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीच्या धर्तीवर त्यांनी या गटाला शिस्त लावली. भारतीयांचा स्वतःचा संघ असा उभा राहिला.

श्रीलंकेत त्या वेळी डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. तेथील भाविक कित्येक वर्षे मिस्सेवाचून होते. युरोपीय धर्मगुरू तेथे लगेच ओळखला गेला असता. फादर वाझ गरीब मजुराच्या वेषात १६८७ साली जाफनात पोहोचले. गोव्यात आड येणारा वर्णच देवाने तेथे कामी आणला. पुढे कँडीत त्यांना हेर समजून कैदेत टाकले गेले. १६९७ साली तेथे देवीची साथ आली, तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी स्वतःच्या हातांनी सेवा केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे देहावसान झाले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले.

एक बोचरी गोष्टही सांगितली पाहिजे. गोव्याच्या त्या ऑरेटरीत सुरुवातीला ब्राह्मण कुळांतील धर्मगुरूंनाच प्रवेश होता. रंगामुळे ज्यांना बाहेर ठेवले गेले, त्यांच्याच संघाने जातीमुळे इतरांना बाहेर ठेवले. अपमान सोसलेला माणूसही दुसऱ्याचा अपमान करू शकतो. म्हणून गोऱ्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना वस्तूचे सार आणि तिचे बाह्य गुण यांतला फरक आम्ही पाठ केला. रंग हा बाह्य गुण आहे. देवाची प्रतिमा हे माणसाचे सार आहे. हे परीक्षेत लिहिणे सोपे होते, नाटिकेची निवड करताना मात्र आम्ही ते विसरलो. येत्या नाताळात मरियामातेची भूमिका रंग पाहून दिली जाणार नाही, हा आमचा शब्द आहे. आपणही आपल्या घरात, स्थळ पाहताना, हा शब्द पाळावा.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती करा.

आपले धर्मगुरू