आधी गोडी, मग व्याकरण

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवळ गावी झाला. शालेय शिक्षण तुटपुंजे. नारळबागेची देखरेख वाट्याला आलेली. परंतु 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्राने त्यांना झपाटले. बुद्ध मुळातून जाणण्यासाठी १८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. १९०२ मध्ये सिंहलद्वीपात श्रामणेर होऊन ते पाली शिकले. या परक्या भाषेत त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. म्हणून तिचे ओझे झाले नाही. १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनकार्यासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९२९ मध्ये लेनिनग्राडला पाली शिकविली. बीड जिल्ह्यातील उमापूरसारख्या गावच्या मुलाकडून इंग्रजी शब्द घोकून घेण्यापूर्वी, त्याला ओढ कशाची आहे, हे शिक्षकाने विचारावयास नको काय?