सिंधूचे ठिगळांचे लुगडे

यंदाच्या वर्धापनदिनाला ‘एकच प्याला’तला सिंधूच्या दळणाचा प्रवेश करायचे ठरले, आणि आम्हां बायकांत वाद सुरू झाला. कोणी म्हणे मागे महालाचा पडदा लावू, कोणी म्हणे सिंधूला चांगला शालू नेसवू, बघायला बरे दिसेल. म्हणून बालगंधर्वांविषयी चार शब्द लिहिते.

नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे मूळ नाव. जन्म २६ जून १८८८ चा. ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्यांनी दिले. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत जाऊन ते स्त्रीभूमिका करू लागले. १२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, तरी त्यांनी प्रयोग मोडला नाही. त्यांच्या या धीराचे सगळे कौतुक करतात. त्या मुलीच्या आईवर काय प्रसंग गुदरला असेल, हे मात्र कोणी विचारीत नाही.

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्या काळी राजवाडा, बाग, रस्ता असे रंगवलेले पडदे असत. एक गुंडाळला, दुसरा सोडला की जागा बदलली. बालगंधर्वांचे तेवढ्यावर भागेना. त्यांना गालिचे, अत्तरे, भरजरी वस्त्रे सगळे अस्सल लागे.

अशा हौशी माणसाच्या मंडळीने गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ घेतले. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला वारले, आणि महिना होतो न होतो तोच २० फेब्रुवारीला बडोद्यास पहिला प्रयोग झाला. सुधाकर झाले गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. या नाटकात वकिलाचे भरले घर दारूपायी रिकामे होत जाते. शेवटी उरते जाते, तान्हे मूल आणि ठिगळांचे लुगडे. शालूंसाठी नावाजलेले बालगंधर्व ते लुगडे नेसून दळायला बसले, की प्रेक्षकांत बायका पदराने डोळे पुशीत.

पुढे ‘द्रौपदी’सारख्या नाटकांच्या थाटामाटाने मंडळी कर्जात बुडाली. उतारवयात पाय गेले, पैशाचीही ओढाताण झाली. १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ ला ते पुण्यात वारले.

आमचा वाद मिटला. मागे साधा काळा पडदा लावला आहे. जाते शेजारच्या आजींनी दिले. लुगडे माझ्या सासूबाईंचे, जुने नऊवारी. ठिगळे मीच लावली आहेत.